कोशाबाहेर काढलेले शब्द

इ. स. १५२१ च्या उन्हाळ्यात कार्पेथियन पर्वताच्या दक्षिणेस किंपुलुंग गावी राहणाऱ्या न्याक्शू नावाच्या व्यापाऱ्याने पर्वतापलीकडच्या ब्राशोव्ह शहराच्या प्रमुखास एक पत्र धाडले. पत्राचा मायना व अखेरचा आशीर्वाद स्लाव्ह भाषेत आहे, कारण दरबारात आणि देवळात त्या काळी तीच प्रतिष्ठित होती. परंतु तुर्की बादशहा सोफियाहून निघाला असून गलबते डॅन्यूबमधून वर चालली आहेत, ही निकडीची खबर देण्याची वेळ येताच तो घरच्या बोलीत लिहू लागतो. काळ निश्चित सांगता येईल असा रुमानियन भाषेचा सर्वांत जुना उपलब्ध लेख तो हाच.

ही बोली लॅटिनची लेक. इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्रेजनने इकडचा डेशिया प्रदेश जिंकला आणि पावणेदोनशे वर्षे भरण्यापूर्वीच तेथला रोमन अंमल उठला. लॅटिनमध्ये ‘व्हेटेरानुस’ म्हणजे चाकरीची मुदत संपलेला शिपाई. त्याचा रुमानियनमध्ये ‘बत्रिन’ झाला आणि अर्थ उरला नुसता ‘म्हातारा’. त्या एका शब्दात मला तलवार खुंटीला टांगून शेतीला लागलेला सैनिक दिसतो.

परंतु पुढे शतकानुशतके स्लाव्ह, हंगेरियन, ग्रीक व तुर्की शेजाऱ्यांत वावरल्यामुळे या भाषेत त्यांचेही शब्द आले, आणि एकोणिसाव्या शतकात, राष्ट्र उभे राहत असता, लॅटिन कुळाच्या अभिमानाने भारलेल्या पंडितांना ते सलू लागले. लाउरियान आणि मासिम यांनी तेथील विद्वत्सभेसाठी १८७१ ते १८७६ या काळात जो कोश रचला, त्यात लॅटिन वंशाच्या शब्दांना मानाचे स्थान मिळाले आणि परक्या किंवा संशयित शब्दांची रवानगी निराळ्या खंडात झाली. त्या विद्वानांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. पण त्यांचा मार्ग चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या भाषेत प्रेम करणे या क्रियेचे ‘युबी’ हे क्रियापदच स्लाव्ह आहे, तिच्यातून स्लाव्ह शब्द उपटावयाचे, तर लोकांनी प्रेम कोणत्या शब्दाने करावे? लोकांनी तो कोश मानला नाही.

याचे खरे उत्तर हाश्देऊ या पंडिताने दिले. शब्दाचे मोल नाण्याप्रमाणे त्याच्या चलनावरून करावे, असे त्याचे म्हणणे होते. केवळ लॅटिन शब्दांनी रुमानियन वाक्य बनते, केवळ स्लाव्ह शब्दांनी बनत नाही. मग कोशातील स्लाव्ह शब्द मोजून भिण्याचे कारण काय? वंश सिद्ध होतो तो भाषेच्या घडणीवरून, शब्दांच्या शिरगणतीवरून नव्हे.

राज्यव्यवहारकोशापासून भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत हाच वाद आपणही घातला आहे, आणि नवल असे की, आपल्या व त्यांच्या आरोपींच्या यादीत काही नावे तीच आहेत. फारसीतून आपल्याकडे आणि तुर्कीतून तिकडे एकाच मुळाचे शब्द पोहोचले. शत्रूला ते ‘दुश्मान’ म्हणतात. धान्याच्या कोठाराला ‘हंबार’ म्हणतात, ज्याचा सखा आपला ‘अंबार’. ‘हाल’ म्हणजे मुळात केवळ स्थिती; पण तिकडेही, इकडच्याप्रमाणेच, तो शब्द वाईट स्थितीलाच लागतो. एखादी गोष्ट ठाऊक नसली की रुमानियन माणूस ‘हबर नाम’ म्हणतो, म्हणजे मला खबर नाही! आणि आपल्याकडे अजून वाटच चालत असलेला ‘मुसाफिर’ तिकडे घरी आलेला पाहुणा झाला आहे.

मराठी, फारसी व तुर्की जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाने बुखारेस्टच्या कोशकारांबरोबर बसून या समाईक शब्दांचा, अर्थांच्या फेरफारांसह, एक छोटा कोश करावा आणि त्यासाठी आपल्या एखाद्या विद्यापीठाने दोन-तीन वर्षांची वृत्ती द्यावी, अशी माझी मनापासून मागणी आहे. लाउरियान-मासिम यांनी बाहेर काढलेल्या शब्दांचा तो निराळा खंड या कामी पहिल्याच दिवशी उघडावा लागेल.