मुळशीकरांनो, किडनीची तपासणी पुढं ढकलू नका

मुळशी तालुक्यातल्या शुगर-बीपीच्या सगळ्या पेशंटना आणि ज्यांच्या घरात कुणाला डायलिसिस लागलंय त्यांना कळकळीची विनंती: याच आठवड्यात किडनी तपासून घ्या. पायावर सूज यायची वाट पाहू नका. किडनीचं निम्मं काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन बऱ्याचदा ठीकच येतं, आणि दुखत तर काहीच नाही.

किडनी तपासायला सोनोग्राफी म्हटलं की पुरुषमंडळी बिचकतात. सेंटरबाहेर गरोदर बायका बसलेल्या, भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी. माणूस दारातूनच परत फिरतो. अहो, १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे ती गर्भाचं लिंग सांगण्यावर, किडनी बघण्यावर नाही! पोटाला आणि कुशीला गार जेल लावतात, प्रोब फिरवतात आणि पडद्यावर किडनी मोजतात. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटीमीटर लांब असते. ती आक्रसून पांढुरकी दिसली, तर दुखणं बहुधा जुनं आहे. आत लघवी तुंबून फुगली असेल, तर खडा किंवा वाढलेली प्रोस्टेट वाट अडवून बसलेली असू शकते. हे वेळेत सापडलं तर किडनी वाचवता येते. दोन्हीकडे पाण्याच्या गाठीच गाठी दिसल्या तर भावंडांनाही तपासायला आणा. हा आजार सहसा आईबापांकडून येतो.

रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचून मात्र निर्धास्त होऊ नका. शुगरवाल्यांची किडनी खराब होत असतानाही आकारानं चांगली दिसते. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन सोबत तपासायलाच हवं.

भातलावणीत कंबर धरली की मेडिकलमधून मनानंच आणलेल्या, किडनीला घातक ठरू शकणाऱ्या दुखण्याच्या गोळ्याही बंद करा.

किडनी निकामी झाली तर डायलिसिस, म्हणजे बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास. महात्मा फुले योजनेतून उपचार होतील, पण ताम्हिणीकडून पुण्याला खेपा घालताना बुडालेली मजुरी कोण देणार?

पौडचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचं आरोग्य केंद्र गाठा, सोनोग्राफी कुठं होईल ते तिथंच विचारून चिठ्ठी घ्या. सोनोग्राफीला जाताना पाणी पिऊन, लघवी रोखून जा. पाणी कमी प्यायला सांगितलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रिपोर्ट पिशवीत पडू देऊ नका, त्याच दिवशी दाखवा.