मोतीला घालवायचं कशाला?

आमच्या विंगमधल्या मोतीने आत्तापर्यंत तीन चपला, एक चार्जर आणि माझं सबमिशनचं जर्नल फाडलं. (सर म्हणाले, "नवीन कारण शोध!") आता काहीजण म्हणतात, पिल्लाला गेटबाहेर सोडा. मला हे अजिबात पटत नाही. पाच महिन्यांचं पिल्लू ते! २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येताहेत, हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावतं. जुन्या दोरीला गाठ मारून दिली तर तेच तासभर चघळतं. चपलेचं सोडा, चार्जर प्लगला असता तर शॉकही बसू शकला असता. मोजा गिळला तर आतड्यात अडकू शकतो, कधी ऑपरेशनही करावं लागतं. चॉकलेट तर कुत्र्याला विषच. आणि हे सगळं आपल्या कॉटखालीच पडलेलं! मी कालच माझे मोजे उचलले. रूम पार्टनरचे अजून तिथेच आहेत.