खोक्यातला मावळा

नाताळापूर्वी लेगोचे 24 कप्प्यांचे खोके मिळते. रोज एक कप्पा उघडावा, कधी चिमुकला माणूस, कधी छोटी जोडणी. त्यांच्या संग्रहाला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दिवाळीच्या किल्ल्यालाही तसेच खोके करण्याला. प्लास्टरचा तयार किल्ला आणि मावळ्यांचा संच मांडला की इतिहास जपला, असे मानणे ही आत्मवंचना होय. संभाजीराजांची समाधी असलेल्या आमच्या वढू बुद्रुकात तर ती अधिकच बोचते. रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या वळणाआड का दडवला, हे चिखलाचा बुरूज स्वतः लिंपणाऱ्या पोरालाच उमगते. मावळा कुठे पहारा देईल, हे पोरांनी भांडून ठरवावे. गेल्या वर्षीचा, हात तुटलेला असला तरी चालेल.