हॉटेलातील देवसभा

भुताखेतांशी झुंजणाऱ्या दोघा भावांची 'सुपरनॅचरल' ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका (२००५-२०२०) आम्ही आवडीने पाहिली. परंतु २०१० मधील 'हॅमर ऑफ द गॉड्स' हा भाग आम्हांस साफ नामंजूर आहे. प्रलय कसा टाळावा याचा विचार करण्यास काली, गणेश, ओडिन प्रभृती देव एका हॉटेलात जमतात. आणि मोदकप्रिय गजाननाच्या पंगतीस नरमांस! पुढे सैतान येऊन गणेशाचा वधही करतो. भावना दुखावल्या म्हणून बंदी मागणाऱ्यांतले आम्ही नव्हे. आमचे दैवत एवढे नाजूक नाही. तक्रार आहे ती कथाकाराच्या पंक्तिप्रपंचाची. बायबलातील देवदूतांना तेथे भाऊबंदकी, रुसवे, पश्चात्ताप असे भरभरून आयुष्य. इतरांचे देव मात्र सैतानाचा दरारा वाढविण्यापुरते! आमच्या पुराणांनी हिरण्यकशिपूलासुद्धा तप दिले, वर दिला, प्रल्हादासारखा पुत्र दिला. काली तेवढी जिवंत निसटली.