आज्ञांची वही

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलांचे दाखले, गुणपत्रक, पासबुक एकाच पीडीएफमध्ये जोडावे लागते. एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या संगणकावर ‘पीडीएफटीके’ हे मोफत साधन बसवून दिले. त्यात आज्ञा टाइप करून द्यायची असते. तो शिकायला बाहेरगावी गेला आणि शेवटच्या तारखेला आम्हाला एकही आज्ञा आठवेना. एका मुलीचा अर्ज मगरिबनंतर कसाबसा गेला. तिची अम्मी तोवर शाळेच्या पायरीवर बसून होती.

तेव्हा आम्ही वही घातली. एका आज्ञेला एक पान : शब्द, अर्थ, उदाहरण, सावधानता. ‘कॅट’ म्हणजे हवी ती पाने निवडून जोडणे. ‘बर्स्ट’ म्हणजे प्रत्येक पानाची वेगळी फाइल करणे. ‘आउटपुट’ या शब्दापुढे तयार होणाऱ्या फाइलचे नाव. ‘एंड’ म्हणजे शेवटचे पान. म्हणून ‘कॅट’पुढे ‘एंड-१’ लिहिले की उलट क्रमाने स्कॅन झालेली पाने सुलट लागतात. सावधानता : नव्या फाइलला जुन्याच फाइलचे नाव देऊ नये, साधन काम करायला नकार देते.

मग नववीच्या एका मुलीला वही दिली आणि आम्ही गप्प बसलो. ती दुसऱ्याच ओळीला अडली. ‘फाइलचे नाव द्या’ असे आम्ही लिहिले होते. जुन्या की नव्या, ते लिहिलेच नव्हते. चूक आमची होती.

तुमच्या घरात वीजबिल, बँकेचे काम ज्याला जमते, त्याने अशी वही करावी. आणि ज्याला जमत नाही, त्याच्याकडून ती तपासून घ्यावी.