भाषा आणि मैदान प्रत्येक भावी शिक्षकाला शिकवा!

अहिल्यानगर जिल्ह्यातले पालक, शिक्षक, बी.एड. करणारे छात्राध्यापक आणि संस्थाचालक यांना जाहीर आवाहन

शाळेत मुलांना शिक्षा काय मिळते ते आठवा. "मैदानाला पाच फेऱ्या मार." "उठाबशा काढ." "हा धडा दहा वेळा लिहून आण." शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातल्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली. छडी बरीच मागे पडली. फेऱ्या आणि लिहून आणणं मात्र राहिलं. पोर पळायला लागलं की त्याला थांबवणं मुश्कील, आणि स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिता आलं की ते घरभर भिंतींवर गिरवतं. त्याच दोन गोष्टी शाळेत दंड म्हणून वापरल्या जातात. यात एकट्यादुकट्या शिक्षकाला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. मुलांना खेळवायचं कसं आणि लिहितं करायचं कसं, हे त्या शिक्षकाला तो स्वतः शिकत असताना कुणी दाखवलेलंच नसतं. हे पत्रक त्यासाठी आहे.

आपल्या जिल्ह्यातली बी.एड. महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं तेव्हा जो आराखडा दिला, त्यात सगळ्या शालेय विषयांतून भाषा कशी शिकली जाते यावर एक अभ्यासक्रम आहे. वाट्याला आलेली जागा अर्ध्या पेपराची. आरोग्य व शारीरिक शिक्षण तर ऐच्छिक विषयांच्या यादीत, तेही अर्ध्या पेपराएवढंच. म्हणजे शाळेत दहावीपर्यंत प्रत्येक मुलाला जो विषय सक्तीचा आहे, तो शिकवणाऱ्याला ऐच्छिक! हा विचित्र हिशेब आजवर कुणालाच कसा खटकला नाही?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "त्यासाठी बी.पी.एड. झालेले शिक्षक असतात. आणि मराठीला मराठीचे शिक्षक असतात." शहरातल्या मोठ्या शाळेत असतीलही. आता कायदाच उघडून पाहू. २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या शाळेत पटसंख्या १०० च्या वर असेल तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक द्यायचा, तोही अंशकालीन. पट १०० च्या आत असेल, तर तेवढाही नाही. अकोले तालुक्यातल्या डोंगराच्या कुशीतल्या वाड्या, पाथर्डी-शेवगावकडच्या वस्त्या, पारनेरच्या पठारावरची छोटी गावं डोळ्यांपुढे आणा. तिथं पी.टी.चा तास ज्याच्याकडे येईल तो गणिताचा असतो, विज्ञानाचा असतो, इतिहासाचा असतो. चौथीपर्यंतच्या दोन शिक्षकी शाळेत तर भाषेचे गुरुजी, गणिताचे गुरुजी आणि खेळाचे गुरुजी एकच. अशा शिक्षकाला "तुझा तो विषय नाही" असं सांगणारा अभ्यासक्रम आपल्या जिल्ह्यासाठी केलेलाच नाही.

भाषेचं आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पुढच्याच वर्षी पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याच्या शासन निर्णयांवरून महाराष्ट्र पेटला आणि २९ जून २०२५ ला ते निर्णय मागे घ्यावे लागले. लोक रस्त्यावर उतरले, हे योग्यच झालं. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही: जी मराठी वाचवायची, ती वर्गात शिकवणाऱ्याची तयारी कोण करून घेतो? बी.एड.ला ज्यानं मराठीची अध्यापन पद्धती घेतली, त्याच्या वाट्याला थोडं काही येतं. भूगोल, विज्ञान, गणित घेतलेल्याला वाटतं, भाषा हे मराठीवाल्यांचं काम. आणि तोच उद्या सातवीच्या वर्गात "घनता", "विस्थापन", "क्षेत्रफळ" हे शब्द फळ्यावर लिहून पुढे जातो. ठाकर किंवा महादेव कोळी घरातली मुलगी हे शब्द उतरवून घेते आणि गप्प बसते. तिला पाण्यात दगड टाकल्यावर पाणी का वर येतं हे ठाऊक असतं; तिनं ते ओढ्यावर शंभरदा पाहिलेलं असतं. तिच्या बोलीतून त्या शब्दापर्यंत तिला घेऊन येणं हे विज्ञानाच्या शिक्षकाचंच काम आहे, आणि ते शिकावं लागतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर आणखी वेगळं. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप कोयता घेऊन निघतात, पोरं फडावर किंवा आजीजवळ राहतात. फडावरून परत आलेलं मूल मार्च-एप्रिलमध्ये वर्गात बसतं, तेव्हा त्याचे चारपाच महिने निघून गेलेले असतात. त्याला थेट धड्यावर बसवलं तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला आधी बोलतं करावं लागतं. फडावर काय पाहिलं, मोळी कशी बांधतात, गाडी कशी भरतात, हे ते सांगेल आणि शिक्षक फळ्यावर लिहील. तोच त्याचा पहिला धडा. त्याच्या पुस्तकापेक्षा तो धडा कितीतरी जास्त जिवंत असतो. असा धडा घेता येण्यासाठी छात्राध्यापकानं प्रशिक्षणात किमान काही वेळा अशा मुलांसमोर बसून त्यांचं बोलणं लिहून घेतलेलं असायला हवं. भाषा आधी कानावर पडते आणि मग कागदावर येते, हे नगर जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. नेवाशाला ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली.

आता मैदान. अनेक ठिकाणी छात्राध्यापकांचं शारीरिक शिक्षण म्हणजे २१ जूनचा योग दिन, एक क्रीडा सप्ताह, फोटो आणि फाईल. फाईल मागच्या वर्षीच्या फाईलवरून उतरवली जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. असा छात्राध्यापक शिक्षक झाला की पी.टी.च्या तासाला चेंडू देऊन मोकळा होतो. मग दांडगी मुलं खेळतात, बारकी मुलं कडेला बसतात आणि आठवीनंतरच्या मुली मैदानावर दिसेनाशा होतात. पाळीच्या काळात मुलीला काय विचारायचं, कसं विचारायचं, तिला खेळायचं असेल तर अडवायचं नाही, हे पुरुष शिक्षकाला कोण सांगणार? एप्रिलच्या उन्हात खो-खोचा सराव किती वाजता थांबवायचा, दम लागलेल्या मुलाला दमा आहे का हे कसं ओळखायचं, कबड्डीत डोक्याला मार लागल्यावर "काही नाही, ऊठ" म्हणणं का घातक आहे, एका पायानं अधू असलेल्या मुलाला लंगडीत नुसतं पंच न करता खेळात कसं घ्यायचं? हे ज्ञान बी.पी.एड.वाल्यांची मक्तेदारी नाही. वर्गात मुलं असणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं. त्याला पैसाही फारसा लागत नाही. लगोरी, आट्यापाट्या, लंगडी, खो-खो यांना जागा आणि चुना लागतो, बाकी शिक्षक लागतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. शिक्षकाचा आवाज. पत्र्याच्या खोलीत साठ मुलांसमोर दिवसाला पाच-सहा तास बोलणारी बाई चाळिशीत घसा धरून बसते. पोटातून श्वास घेऊन कसं बोलावं, कुठं थांबावं, कविता ओरडून न म्हणता शेवटच्या बाकापर्यंत कशी पोचवावी, हे भाषेचं शिक्षण आहे आणि शरीराचंही. सूक्ष्म अध्यापनाच्या तक्त्यात त्याला एखादा रकाना मिळतो. सराव मिळत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय परिषदेनं नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एका वर्षाचं बी.एड. पुन्हा आणायचं आहे, आणि शारीरिक शिक्षण, योग, संस्कृत, कला यांच्या वेगळ्या एकात्मिक शाखा सुरू करायच्या आहेत. खास शाखांना आमचा विरोध नाही. भीती दुसरीच आहे. दोन वर्षांचं एक होताना आधी काय कापलं जाईल? अर्ध्या पेपराचं जे आहे ते. आणि कापताना सांगितलं जाईल की त्यासाठी आता वेगळी शाखा आहे. ज्या शाळेत त्या शाखेचा माणूस कधीच पोचणार नाही, तिथल्या मुलांचं काय, हे विचारायला अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकीत आपल्यातलं कुणी नसेल. म्हणून आत्ताच विचारायला हवं.

"वेळ नाही" हेही आम्हाला मान्य नाही. राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार वर्षाला किमान २०० दिवस आणि आठवड्याला ३६ तास काम अपेक्षित आहे. शाळेतला अनुभव दोन वर्षांत मिळून २० आठवडे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. वेळ आहे, तो हजेरीपटावर खर्च होतो. दरवर्षी १०० छात्राध्यापकांना प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाला १६ अध्यापकांचा आराखडा आहे आणि त्यात आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी एक जागा धरलेली आहे. ती जागा कायम भरा. तासिका तत्त्वावर आज एक, उद्या दुसरा, असं करून कुणाचंच काम रुजत नाही. तासावर राबणाऱ्या त्या माणसाचीही ही फरपट आहे.

विद्यापीठाला एक आठवण करून देतो. ज्यांचं नाव ते २०१४ पासून मिरवतं, त्या सावित्रीबाई अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायला याच नगरला, मिस सिंथिया फरार यांच्याकडे आल्या होत्या. जोतीरावांनी पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा आणि कसरत शिकली. मुलींना अक्षर देणाऱ्या या घरात शरीर आणि पुस्तक यांची वेगळी खाती नव्हती. त्या नावाच्या विद्यापीठात ती का असावीत?

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यास मंडळाकडे आणि विद्या परिषदेकडे आम्ही मागतो ते असं: अध्यापन पद्धती कोणतीही असो, प्रत्येक छात्राध्यापकाच्या गुणांकन होणाऱ्या सराव पाठांत काही पाठ मैदानावर आणि काही पाठ भाषेवर घेणं सक्तीचं करा. शाळेतल्या १६ आठवड्यांत दर आठवड्याला एक तास मैदानावर, आणि मुलांच्या बोलीतल्या शब्दांची एक वही. ही वही छात्राध्यापकानं स्वतःच्या हातानं भरलेली असावी आणि तोंडी परीक्षेत तिच्यावर प्रश्न यावेत. प्रथमोपचार करून दाखवल्याशिवाय कुणी उत्तीर्ण होऊ नये. फाईलला गुण देणं बंद करा. आणि सराव शाळा निवडताना महाविद्यालयाच्या आवारातली किंवा शहरातली सोयीची शाळा घेऊन थांबू नका. निदान काही आठवडे अकोले, पाथर्डी, जामखेड, शेवगावच्या छोट्या शाळांत पाठवा. संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांसाठीही हाच आग्रह धरावा.

छात्राध्यापक मित्रांनो, तुम्ही फी भरता. मैदान न पाहता तुम्हाला शारीरिक शिक्षणाचे गुण मिळत असतील, तर तुमचीही फसवणूक होते आहे. प्राचार्यांकडे लेखी मागणी करा, एकेकट्यानं नको, सगळ्यांनी मिळून.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. येत्या बैठकीत तीन गोष्टी विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या: पी.टी.चा तास कोण घेतं, त्यांनी तो घेण्याचं शिक्षण कुठं घेतलं, आणि फेऱ्या मारण्याची व लिहून आणण्याची शिक्षा आपल्या शाळेत चालते का. उत्तरांची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, दुसरी विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या नावे टपालानं पाठवा.

अहिल्यानगर जिल्ह्यातले काही शिक्षक आणि पालक