बिनकर्जाचे कार्य

प्रवासात माणसाने नेहमीच वेळेवर पोचू नये, अशा मताला मी अलीकडे आलो आहे. त्याला कारण घडले ते असे.

गेल्या मे महिन्यात परीक्षेच्या कामासाठी जव्हारला गेलो होतो. परतताना डहाणूकडे जाणारी एस. टी. कासा गावाच्या अलीकडे बंद पडली. "तासभर तरी हलत नाही, सर," असे सांगून कंडक्टर आंब्याच्या सावलीत आडवे झाले. माझ्या पिशवीत पतपेढीचा कर्जाचा अर्ज होता. कन्येचे लग्न ठरलेले. रक्कम ५ लाख. दोन्ही जामीनदारांच्या सह्या झाल्या होत्या, माझीच तेवढी राहिली होती.

इतक्यात पलीकडच्या पाड्यावरून वाद्ये ऐकू आली. पाहतो तो वारल्यांचे लग्न! कुडाच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला होता. मध्ये पालघाट देवी. तसलीच चित्रे आमच्या घरी चहाच्या कपांवर आहेत. इथे मात्र त्यांच्यावाचून लग्न लागत नाही. भटजींच्या जागी एक वृद्ध बाई होती. तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणत लग्न लावीत होती.

नवरानवरीकडे पाहिले आणि मी चमकलो. नवरीच्या मांडीवर तीन-चार वर्षांचा मुलगा बसलेला!

"हा कोण?" शेजारच्या म्हाताऱ्याला मी विचारले.

"त्यांचाच पोर," तो सहज म्हणाला. "सहा वर्षं एकत्र राहतात. आता पैसा जमला, आता लगीन."

"मग आधीच थोडे कर्ज काढून—"

म्हाताऱ्याने माझ्याकडे असे पाहिले, की क्षणभर मीच विद्यार्थी झालो. "वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन लगीन केलं, तर बायको आपली नि आपण भट्टीवाल्याचे!"

गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० साली आलेले पुस्तक मी वर्गात शिकवले आहे. लग्नापुरते पैसे घेऊन बायकोसकट जन्मभर जमीनदाराकडे राबणारा तो लग्नगडी. त्याच्यावर मी टिपणे दिली, दहा गुणांचा प्रश्नही काढला. त्या गुलामीविरुद्ध आणि वेठीविरुद्ध १९४५ साली याच मुलखातले वारली उठले, हेही मला पाठ. पण मी ज्याचे टिपण केले, त्याची त्या म्हाताऱ्याने आयुष्याशी गाठ घातली होती.

पानावर डाळभात वाढला गेला. 'नको' म्हणायची सोय नव्हती. नवरदेवाच्या मुंडावळ्या ओढण्यात चिरंजीव दंग होते आणि मंडपात कुणाच्याही कपाळावर आठी नव्हती. आमच्याकडच्या मंडपात वधूपित्याचा चेहरा कसा असतो, ते वाचकांना सांगायला नकोच.

घरी येऊन कन्येला सारे सांगितले. तिने अर्ज वाचला, शांतपणे घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "बाबा, मला हॉल नको. आपलं अंगण काय वाईट आहे?"

तुळशीचे लग्न झाले की आमच्या घरी कार्य आहे. माणसे पन्नास, जेवण अंगणात. आमच्या सौभाग्यवतींचा रुसवा अजून पुरता गेलेला नाही. दोन्ही जामीनदार मात्र हल्ली फार खुशीत दिसतात.